‘पूर्णतः बंद’ या रकान्याबद्दल

वाराणसी, ११ जून २०२२

ती. स्व. ढुंढूदादास,
मृणालिनीचा साष्टांग नमस्कार. गुडघा धरलाय, त्यामुळे आठातली दोन अंगं उधार समज.

सर्वप्रथम एका राष्ट्रीय आपत्तीची नोंद घे. आपल्या पोस्टातला गोंद वाळला आहे. बाटली आहे, बाटलीत ब्रश आहे, पण ब्रश तळाशी असा रुतलाय की दोघांना वेगळं करायला आता कोर्टातच जावं लागेल. खिडकीवरचा माणूस म्हणाला, “बहिनजी, थूक से चिपका दीजिए.” दोन वर्षं या देशाने थुंकू नका म्हणून भिंती रंगवल्या आणि शेवटी सरकारी सल्ला हा! मी तक्रार लिहिली. तक्रारीचं पाकीट चिकटवायला गोंद नव्हता. तक्रार पर्समध्ये आहे.

तू माझा फोन उचलत नाहीस, नंबर ब्लॉक केलायस, हे कस्तुरीने सांगितलं. सासऱ्याची चहाडी सुनेने करू नये, पण पुण्यात गेल्यावर माणसं बिघडतातच. तीच म्हणाली, “मावशी, बाबा पोस्टाने आलेलं मात्र वाचतात. विजेचं बिलसुद्धा दोनदा वाचतात.” म्हणून हे.

काम एवढंच आहे. दिल्लीच्या एका प्रतिष्ठानाने ‘कला-संस्था पुनरुत्थान निधी’ काढलाय. महामारीत ज्या संस्था झोपल्या त्यांना उठवण्यासाठी. आपलं गणेश वाङ्मय मंडळ झोपलंच होतं, आधीपासून, पण तो भाग फॉर्ममध्ये विचारलेला नाही. आठ लाख रुपये मिळू शकतात. सभागृहाची मागची तुळई गेल्या पावसाळ्यात वाकली, ती आता जमिनीकडे पाहून नमस्कार करते. वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयात वाळवीने नाटकांचं कपाट संपवून चरित्रांना हात घातलाय. आठ लाखांत दोन्ही वाचतील.

मी सचिव म्हणून सही केली. विश्वस्ताची सही लागते आणि हयात विश्वस्त तू एकटा आहेस. सोबत कागद आहे: ‘मार्च २०२० ते मार्च २०२१ या काळात संस्थेच्या वास्तूत कोणताही कार्यक्रम झाला नाही, कार्य पूर्णतः बंद होते.’ खाली फुली मारली आहे, तिथे सही कर. माझ्याशी बोलायची गरज नाही. सही मुकी असते.

वाट पाहणारी,
मृणाल


वाराणसी, २७ जून

दादा,

कस्तुरीचा निरोप आला. “बाबा म्हणाले, नाही.”

एवढंच? पूर्वरंगाला पाऊण तास घेणारा कीर्तनकार तू आणि नकाराला दोन अक्षरं?

ठीक आहे, राग आहे. ऑगस्ट २०२० मधली बैठक मीही विसरलेले नाही. मंडळाच्या चौकात आपण सगळे सहा-सहा फुटांवर खुर्च्या टाकून बसलो होतो, जणू एकमेकांचे जावई. मी सांगितलं, यंदा गणेशोत्सव नाही, सभागृहाला कुलूप, प्रशासनाचा आदेश आहे. तू उभा राहिलास. “शंभर वर्षं या गादीवर दहा दिवस कीर्तन झालंय. प्लेग आला तेव्हा झालं, गंगेचं पाणी पायरीला लागलं तेव्हा झालं. तू मोडणार?” मी म्हणाले, “परंपरेला फुप्फुसं नसतात, दादा. तुला आहेत. वहिनीलाही आहेत.” लीलावहिनीने तेव्हा मला डोळ्यांनी दटावलं होतं. मास्कमुळे खालचा अर्धा राग दिसला नाही.

त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तर आपण दोघांनी एकाच उंबऱ्यावर चढायचं, आणि तरीही नाही बोललास. गायीशी बोलायचास.

पण आता प्रश्न तुझा-माझा नाही. कुणाल आठवतो ना, आपला नवा खजिनदार? बँकेत आहे, शर्ट खोचतो, माणूस वाईट नाही. त्याने तोड काढली आहे. “मावशी, इमोशनल नका होऊ. वरचा मजला होमस्टेला देऊन टाकू. सगळी गली देतेय. ‘गंगा व्ह्यू’ लिहायचं.” मी म्हटलं, “वरून गंगा दिसत नाही.” म्हणाला, “बाथरूममध्ये बादली उलटी टाकून उभं राहिलं तर दिसते. मी चेक केलंय.” तर असं आहे. तू सही केली नाहीस तर तुझ्या काकांनी डोक्यावरून आणलेली पुस्तकं गोण्यांत जातील आणि त्या जागी कुणी परदेशी मुलगा बादलीवर उभा राहून मोक्ष शोधेल.

दुसरा कागद पाठवते आहे. पहिला तू फाडला असशील.

मृणाल


वाराणसी, १५ जुलै

दादा,

तुझं उत्तर नाही, म्हणून आता दिल्लीचं सांगते. प्रतिष्ठानातर्फे अंतरा नावाची मुलगी आपला अर्ज बघते. व्हिडिओवर भेटते, मागे पुस्तकांचं कपाट असतं. ते चित्र आहे, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. वाळवी लागणार नाही असं ग्रंथालय पाहून मला हेवा वाटला.

गोड मुलगी आहे. मला विचारते, “मैम, आपकी संस्था का ‘कम्युनिटी इम्पॅक्ट’ क्या है?”

मी म्हटलं, “कीर्तनाला सात माणसं येतात. दोन झोपतात.”

“तो पाँच?”

“झोपणारे सगळ्यात नियमित आहेत. त्यांना वगळू नका.”

तिने लिहून घेतलं. नंतर पाहिलं तर ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी सुरक्षित विश्रांतीस्थान’ असं इंग्रजीत उतरलं होतं. या मुलीला मंडळात घ्यायला हवं.

समोरच्या बाजूने इमारतीचा पूर्ण फोटो हवा होता. आपल्या गल्लीत पूर्ण फोटो घ्यायचा तर समोरचं घर पाडावं लागेल. कुणालने शेवटी जमिनीवर आडवं पडून काढला. त्यात दार आहे, आकाशाची चिंधी आहे आणि संकठा देवीला निघालेल्या एका बाईचं पाऊल आहे. अंतराला फार आवडला.

मुद्दा रकान्यांचा आहे. दोनच रकाने आहेत. ‘पूर्णतः बंद’ असाल तर आठ लाख. ‘अंशतः सुरू’ असाल, म्हणजे एकही कार्यक्रम झाला असेल, तर पैसे नाहीत. तीन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण मिळतं, विषय ‘आपला श्रोता कसा वाढवाल’. मी विचारलं, “एक भी?” ती म्हणाली, “एक भी नहीं, मैम. नियम ऊपर से है.” जो तडफडत चालू राहिला त्याला प्रशिक्षण आणि ज्याने कुलूप लावलं त्याला लाख. पण निधीचा उपहास करायला आपण निधी घेणारे नसावं लागतं, म्हणून गप्प बसले.

तेव्हा दादा, सही कर. कुणाचं काय बिघडतं? सभागृहाला कुलूप होतं, ते मीच लावलं होतं, चावी माझ्याकडे होती. कागद खरं तेच सांगतो. आणि त्या वर्षी तू सुदाम्याचं आख्यान लावलंस ते तसंही फार लांबलं होतं, पोह्यांपाशी तर तू

म्हणजे लावलं असतंस तर लांबलं असतं. तुझी सवय माहीत आहे म्हणून म्हटलं. खोडायला हवं, पण हा शेवटचा आंतरदेशीय कागद आहे आणि नवा घ्यायला त्या गोंदवाल्याकडे जावं लागेल.

मृणाल


वाराणसी, २ ऑगस्ट

दादा,

कस्तुरीने तुझा आवाजच पाठवला. तुला न सांगता टेप केला म्हणाली. मागे कुकरची शिट्टी आहे. ती तुला विचारते, “बाबा, मावशी एवढं लिहितायत, कारण तरी सांगा.” तू म्हणतोस, “तिला माहीत आहे.” मग शिट्टी. मग म्हणतोस, “विचार तिला, पाचव्या दिवशी शिंकलं कोण?”

मी तो तुकडा बराच वेळ ऐकत बसले. तू पुण्याला मुलाकडे गेल्यापासून, सव्वा वर्षाने, तुझा आवाज ऐकला. खरखर वाढली आहे. ज्येष्ठमध खा.

तर मग घे.

चतुर्थीच्या संध्याकाळी मी खिडकीत बसले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे मागच्या दाराची कडी वाजलेली स्वच्छ ऐकू आली. मागच्या दाराची चावी विश्वस्ताकडे असते, ही गोष्ट कुलूप लावताना मी विसरले नव्हते. विचारायचीच टाळली होती, एवढंच. थोड्या वेळाने चिपळ्या वाजल्या. मी सचिव आहे, दादा. आदेशाचा कागद माझ्या सहीने दारावर चिकटलेला होता. मी तुला जाऊन थांबवणार होते, देवाशप्पथ. पुढचं दार उघडलं, गॅलरीच्या जिन्यात पाऊल टाकलं आणि तू नमन सुरू केलंस. मग कसं थांबवणार? नमनात कीर्तनकाराला थांबवू नये, हे तूच मला शिकवलंस, पेटीच्या पट्ट्यांवर बोटं पुरत नव्हती तेव्हा.

तिसऱ्या पायरीवर बसले. तिथून सभागृह दिसत नाही, फक्त समईचा उजेड भिंतीवर हलताना दिसतो. तुझा आवाज आणि मागे वहिनीची झांज. पेटी नव्हती. पेटीवाली जिन्यात होती, तोंडाला फडकं बांधून. मध्यंतराला तुझ्या गळ्यात हार सचिवाने घालायचा असतो. तू थांबलास. मला वाटलं आता काय होणार. तर वहिनी म्हणाली, “वाका जरा. हात पुरत नाही.” आणि तू हसलास. हजार माणसांसमोर हार घेताना कधी हसला नाहीस.

रोज गेले. कोणाला बोलले नाही. पाचव्या दिवशी वहिनीने बुक्का जरा जास्तच उधळला आणि मला शिंक आली. त्या दिवसांत शिंक म्हणजे बाँब. तुझ्या चिपळ्या बंद. मी श्वास धरून बसले. मग वहिनीने एकदम आरतीच सुरू केली, आख्यान अर्धं असताना. तू तिला कुजबुजलास, “अगं, अजून सुदामा द्वारकेत पोचला नाही,” आणि ती म्हणाली, “पोचेल उद्या. आज माणसाला घरी जाऊ दे.”

मला वाटलं, माणसाला म्हणजे तुला.

सहाव्या दिवशी गेले तर तिसऱ्या पायरीवर स्टीलची वाटी. वाटीत खिरापत, वर द्रोणाचं झाकण. तू माझ्याशी बोलत नव्हतास, मी तुझ्याशी. वहिनी मात्र वाटीतून बोलत होती. मी खाऊन वाटी घरी न्यायचे, दुसऱ्या दिवशी धुऊन पायरीवर ठेवायचे, संध्याकाळी ती भरलेली असायची. खोबरं किसण्याऐवजी तिने काप घातले होते, माझ्या आवडीचे.

मला नेहमी वाटत आलं की हे तिघांतलं दोघींचं गुपित आहे. तुला ठाऊक होतं, हे आज कुकरच्या शिट्टीत कळलं.

आणि आज हेही कळलं की तू सही का करत नाहीस. मी गाढव. मला वाटत होतं की तुला परंपरा मोडली असं लिहून द्यायचं नाही. अहंकार, म्हटलं, कीर्तनकाराचा, बुक्क्यापेक्षा काळा. पण ते दहा दिवस वहिनीचे होते. पुढच्या एप्रिलमध्ये ती गेली. तिच्यापाशी कोणाला जाऊ दिलं नाही, तुलाही नाही. तिने उभ्या आयुष्यात तुझ्या गळ्यात हार घातला तो त्याच दहा दिवसांत, आणि मी तुला फुली मारून कागद पाठवते की तसं काही झालंच नाही. दोनदा पाठवला. दुसऱ्यांदा बरोबर तिकीट लावलेलं परतीचं पाकीटही होतं.

कागद फाडले नसशील तर फाड.

मृणाल


वाराणसी, १९ ऑगस्ट

दादा,

काल अंतराशी बोलले. अर्जाचा शेवटचा दिवस आजचा होता आणि विश्वस्ताची सही वगळता सगळं तयार होतं. तीच म्हणाली, “मैम, ट्रस्टी बाहर हैं तो हम ईमेल भी मान लेंगे. एक लाइन बस.” एक ओळ. कस्तुरी पाठवून देईल, तुला कळणारही नाही, असं कुणाल माझ्या कानाशी म्हणाला. तो शेजारीच बसला होता, खोचलेल्या शर्टात.

मी म्हटलं, “अंतरा, एक कार्यक्रम हुआ था.”

“ऑनलाइन?”

“नहीं. हॉल में. दस दिन.”

“पर मैम, आपने तो ‘पूर्णतः बंद’… दर्शक थे?”

“एक.”

“एक? हॉल में?”

“सीढ़ी पर.”

तिने पेन खाली ठेवलं. मागचं खोटं कपाट तेवढं चमकत होतं. मग हळूच म्हणाली, “मैम, मैंने ये सुना नहीं. आप चाहें तो मैंने ये सुना नहीं.” दादा, चांगली पोरगी आहे. आठ लाख रुपये तिच्या त्या न ऐकण्यात होते. तुळई होती, चरित्रांचं कपाट होतं. माझा कंटाळा होता. या मंडळाला धरून ठेवून माझे खांदे दुखायला लागले आहेत, आणि कुणी आठ लाख देऊन सहा महिने तरी झोपू देईल तर कोणाला नको आहे?

मी म्हटलं, “आप लिख लीजिए. गाने वाला एक, झाँझ पर उनकी पत्नी. सुनने वाला एक. कोई सोया नहीं.”

तिने लिहिलं. आपण ‘अंशतः सुरू’मध्ये गेलो.

कुणाल उठून चौकात गेला. परत आला तेव्हा डोळे लाल. ओरडला, “मावशी, कोई पूछ भी नहीं रहा था! आठ लाख! कशासाठी? कोणी तपासायला येणार होतं का?” मी म्हटलं, “नाही.” म्हणाला, “फिर?” मी अर्जाची फाईल बांधायला घेतली. त्याने गाठीवर बोट धरलं. मग म्हणाला, “लीलाकाकूंची झांज मी पण ऐकली असती. सांगायचं तरी.”

पुढच्या सोमवारपासून वरचा मजला होमस्टेला. मी सही केली. तुझीही लागेल, तो कागद खरा आहे, राग येईल पण खोटं काही नाही त्यात. पुस्तकं खाली सभागृहात आणतोय, वाकलेल्या तुळईला कुणालने दोन लोखंडी खांब लावून घेतलेत. सभागृह आता दवाखान्यातल्या पेशंटसारखं कुबड्यांवर उभं आहे. पण उभं आहे.

मृणाल


वाराणसी, १० सप्टेंबर

दादा,

काल विसर्जन झालं. गंगा ऑगस्टअखेर इतकी चढली होती की घाट गायब, नावा गल्लीच्या तोंडाशी. पाणी उतरलं, चिखल राहिला. त्या चिखलातून कुणालने गणपती डोक्यावर नेला, खोचलेल्या शर्टाचं काय झालं ते विचारू नकोस.

कीर्तनाला यंदा ग्वाल्हेरहून एक तरुण आला होता. बरा गातो. हार घेताना हसत नाही. पेटी मी वाजवली. काळी दोन अजून अडकते, तू कस्तुरीकरवी मुद्दाम विचारलंस म्हणून सांगते. वरच्या होमस्टेतले दोन पाहुणे उत्तररंगात खाली आले, मांडी घालता येईना म्हणून पाय पसरून बसले, आणि पूर्ण जागे राहिले. आमच्या दोन नियमित झोपणाऱ्यांना ते फार अपमानास्पद वाटलं.

प्रशिक्षणाचे तीन दिवसही उरकले. ‘श्रोता कसा वाढवाल’ या सत्रात प्रत्येकाने आपला सर्वांत यशस्वी कार्यक्रम सांगायचा होता. माझी पाळी आली तेव्हा आमच्याकडे वीज गेली. गल्लीने कधीकधी लाज राखावी तशी राखली.

होमस्टेच्या करारावर तुझी सही आली, पोचली. पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने ‘खांब कुठे लावले?’ लिहिलंयस. गादीच्या मागे, डावीकडे. कीर्तनकाराला आड येत नाहीत. येऊन बघ म्हणणार नाही. तुझं तू ठरव.

सोबत पार्सल आहे. तुमच्या त्या दहा दिवसांतल्या शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, वहिनीने ठेवलेली वाटी माझ्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी ठेवायला कीर्तन नव्हतं, आणि घरी आणून द्यायची तर बोलावं लागलं असतं. मग एप्रिल आला. तळाशी नाव कोरलेलं आहे, ‘सौ. लीला’, मी चिंचेने घासली तरी अक्षरं गेली नाहीत.

वाटी रिकामी परत करत नाहीत. खिरापत पुण्यापर्यंत टिकली नसती. आत दहा नाणी आहेत. त्या वर्षी आरतीचं तबक जिन्यापर्यंत आलं नव्हतं.

पार्सल चिकटवायला गोंद घरूनच नेला.

मृणाल